समोरचा तुटका दात: वऱ्हाडातल्या हसण्याची गोष्ट

आजचा भाग दातांवर आहे. खरं सांगायचं तर एकाच दातावर, वरच्या ओळीतल्या मधल्या दोन मोठ्या दातांपैकी एकावर. ज्यांना ऐकायला वेळ झाला नाही त्यांच्यासाठी बोलणं नेहमीसारखं थोडं साफसूफ करून इथे लिहून देतोय. "म्हणजे", "बरं का" काढून टाकलेत, तरी काही राहिले असतील तर चालवून घ्या.

हा दात माझ्या आत्याचा. गाव मूर्तिजापूर तालुक्यातलं, साल १९५८च्या आसपासचं. आत्या दहा-अकरा वर्षांची होती. विहिरीवरून पाणी घेऊन येताना पाय घसरला, पितळी गुंडाचा काठ तोंडावर बसला आणि समोरच्या दाताचा कोपरा तिरका उडाला. ओठ सुजला, त्याला हळद लावली, चार दिवसांत सूज उतरली. दात दुखत नव्हता, म्हणून घरच्यांच्या लेखी विषय तिथे संपला. तो संपला नव्हता हे घरातले फोटो पाहताना कळतं. लग्नातला, बारशातला, पंढरपुरात स्टुडिओत काढलेला, एकाही फोटोत आत्याचे ओठ उघडे नाहीत. पाहुणे पाहायला येणार त्या दिवशी तिला एकच सूचना होती: "हासू नको." पुढे सवयच लागली. हसू आलं की पदर आधी वर जायचा आणि मग हसू यायचं.

आज अमरावतीत नाहीतर अकोल्यात असा दात घेऊन गेलात तर डॉक्टर अर्ध्या-पाऊण तासात तो कोपरा परत घडवून देतात. इंजेक्शन बहुतेक वेळा लागत नाही, दात घासून बारीक करावा लागत नाही. याला बॉन्डिंग म्हणतात. आपल्याकडे लोक "लाईटचं सिमेंट" म्हणतात, आणि नाव वाईट नाही. मला प्रश्न पडला तो असा की १९५८ साली आत्याला कुणी दवाखान्यात नेलं असतं तर काय झालं असतं? आणि त्याच्याही आधी, तिच्या आजीचा दात असा तुटला असता तर?

आजीपासून सुरू करू, कारण तिची गोष्ट जास्त मजेशीर आहे. आजीच्या पिढीच्या बऱ्याच बायकांचे दात काळे होते. किडलेले नव्हेत, मुद्दाम काळे केलेले. त्यासाठी दातवण लावत. हिरडा, माजूफळ असली तुरट द्रव्यं आणि हिराकस एकत्र कुटून केलेली ही पूड. कुंकू, बांगड्या यांच्याबरोबर दातवणही सवाष्णीच्या लेण्यात धरलं जाई. हिरडा लांबून आणायची गरज नव्हती, मेळघाटच्या जंगलात हिरडा-बेहडा आहेच. आता यातली गंमत बघा. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार आणि हिरड्यात-माजूफळात असतं टॅनिन. ही दोन एकत्र आली की काळी शाई तयार होते. जुन्या पोथ्या ज्या शाईने लिहिल्या जायच्या त्यातल्या एका प्रकाराची कृती हीच. म्हणजे आपल्या पणज्या दातांवर अक्षरशः शाई चढवत होत्या. जपानमध्येही बायका लोखंडाचं आंबवलेलं पाणी आणि माजूफळासारख्या गाठींची पूड वापरून दात काळे करत. १८७० साली तिथल्या सरकारने सरदार घराण्यांना ती चाल बंद करायला लावली. दोन्हीकडे रसायन तेच आणि सौंदर्याची कल्पनाही तीच.

माझा एक तर्क आहे, त्याला पुरावा मागू नका. काळ्या ओळीत तुटलेला कोपरा नजरेत भरत नाही. तोंडाच्या आतला अंधार आणि दात एकाच रंगाचे. पांढऱ्या ओळीत मात्र अर्धा दात लांबूनही दिसतो. आत्याच्या आजीला तुटक्या दाताचं जे वाटलं नसतं, ते आत्याला आयुष्यभर वाटत राहिलं, कारण मधल्या काळात रंग बदलला. शाळा आल्या, आरसे स्वस्त झाले, फोटो आले, सिनेमा आला. दातवण मागे पडलं आणि त्याच्या जागी बऱ्याच घरांत मिश्री आली. तंबाखू तव्यावर जाळून केलेली मिश्री ही दातवणाची वाईट वारस. दातवणाने निदान व्यसन लागत नव्हतं.

पुरुषांचं वेगळं चाललं होतं. वऱ्हाडाच्या काळ्या मातीत धुऱ्यावर बाभूळ आणि लिंब असतोच, सकाळी उठून काडी मोडली की झालं. सुश्रुताने दातकाडी बारा अंगुळं लांब आणि करंगळीएवढी जाड असावी असं सांगून ठेवलंय. आमच्या गावात हे कुणी वाचलं नव्हतं, पण काडी साधारण तेवढीच मोडत. मग बाजारची मंजनं आली. त्यातलं एक नाव आपल्या विदर्भाशी जोडलेलं आहे. नागपुरात किराणा-रेशनचं दुकान चालवणारे केशव विष्णू पेंढरकर मुंबईला गेले आणि १९५२ साली त्यांनी विको सुरू केली. विको वज्रदंती हे दंतमंजन त्यांचं पहिलं उत्पादन. वज्रदंती म्हणजे आपली कोरांटी, कुंपणावर उगवते ती. या विकोकडे मी नंतर पुन्हा येणार आहे, कारण त्यांच्या एका कोर्टकचेरीचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे.

आता १९५८. आत्याला घेऊन कुणी अमरावतीला इर्विन दवाखान्यात नाहीतर अकोल्याला गेलं असतं, तर समोर कोण बसलं असतं? भारतातलं पहिलं दंत महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात काढलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ सालचं. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय थेट १९६८ सालचं. म्हणजे आत्याचा दात तुटला तेव्हा सगळ्या विदर्भात दातांचे डॉक्टर घडवणारी सरकारी जागा नव्हती. १९४८ साली डेंटिस्ट्स ॲक्ट आला. त्याने दातांचं काम करणाऱ्यांच्या याद्या केल्या. 'अ' यादीत शिकलेले, 'ब' यादीत पदवी नसलेले पण पाच वर्षं तरी हेच काम करून पोट भरणारे. कायदा करणाऱ्यांचाही इलाज नव्हता. 'ब' यादी काढून टाकली असती तर निम्म्या गावांमध्ये दात उपटायलाही माणूस उरला नसता. त्याशिवाय आठवडी बाजारात चादर पसरून, तयार दातांच्या ओळी मांडून बसणारे होतेच. ते कुठल्याच यादीत नव्हते.

समजा, चांगला शिकलेला डॉक्टर भेटला असता. तरी त्याच्या हातात काय होतं? दाढ भरायला चांदी-पाऱ्याचं मिश्रण होतं. ते दाताला चिकटत नाही, नुसतं अडकून बसतं. म्हणून चांगला दात कोरून आत रुंद आणि तोंडाशी अरुंद असा खड्डा करावा लागे. ग्रीन व्हर्डिमन ब्लॅक नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचे नियम घालून दिले आणि जगभर पन्नास-साठ वर्षं विद्यार्थी तेच गिरवत होते. पण कोपरा उडालेल्या समोरच्या दाताला खड्डा करणार कुठे? आणि चांदी दिसणार ती वेगळीच. पांढरं म्हणावं असं सिलिकेट सिमेंट होतं, ते थुंकीत हळूहळू विरघळे आणि काही वर्षांत परत भरावं लागे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आलेलं ॲक्रिलिक आकसत असे. कडेने फट पडून पाणी शिरे आणि ती कड काळी पडे. उरले दोन उपाय. एक, दात चारी बाजूंनी घासून त्यावर टोपी बसवायची. सोन्याची टोपी, किंवा समोरून दाताचा पांढरेपणा दिसावा म्हणून खिडकी ठेवलेली. ज्यांच्याकडे कापसाचे बरे पैसे आले असतील त्यांनी अशा टोप्या घातल्या, त्यात थोडी मिरवण्याचीही हौस होती. दुसरा उपाय, दात उपटून तारेचा खोटा दात बसवायचा. आमच्याकडे दातावर मारायला पैसा नव्हता, त्यामुळे सोन्याचा प्रश्न नव्हता. आणि चांगला, जिवंत दात उपटायला आजोबा तयार झाले नसते. बरंच झालं म्हणायचं.

आणि खरी चुटपुट इथे आहे. ज्या शोधामुळे आज हे काम अर्ध्या तासात होतं, तो शोध तेव्हा लागून तीन वर्षं झाली होती. अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर शहरात, ईस्टमन डेंटल डिस्पेन्सरी नावाच्या संस्थेत मायकेल बुओनोकोर संशोधन करत होते. त्यांनी पाहिलं, की कारखान्यात धातूच्या पत्र्याला रंग धरावा म्हणून आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात. मग दाताच्या कवचालाही तेच करून पाहिलं तर? त्यांनी ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल समोरच्या दातांवर तीस सेकंद लावलं, धुतलं, वाळवलं आणि वर ॲक्रिलिकचा थेंब ठेवला. आम्ल न लावलेल्या दातावरचे थेंब काही तासांत सुटले. आम्ल लावलेल्यांवरचे आठवडेच्या आठवडे टिकले. १९५५ साली निबंध छापून आला, फक्त काही पानांचा. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. चांगल्या दाताला आम्ल लावायचं, ही कल्पनाच दातांच्या डॉक्टरांना पटेना. शिकवण सगळी उलट होती ना! दाताला आम्लापासून वाचवायचं.

आम्लाने नक्की काय होतं ते सांगतो. दाताचं वरचं कवच वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. बारीक काड्यांच्या मोळ्या उभ्या रचाव्यात तशी त्याची घडण. आम्ल काही काड्या जरा जास्त खातं, काही कमी, आणि गुळगुळीत पृष्ठभाग मधाच्या पोळ्यासारखा खडबडीत होतो. खोली केसाच्या जाडीहूनही कमी. त्या छिद्रांत पातळ राळ शिरते, तिथेच घट्ट होते आणि हजारो बारीक बोटांनी दाताला धरून बसते. नव्या भिंतीला गिलावा करताना गवंडी आधी टोचे मारून ती खरबरीत करतो, त्याचीच ही फार बारीक आवृत्ती. आज ८५ ऐवजी साधारण ३७ टक्के आम्ल वापरतात, आणि ते निळ्या रंगाचं जेल असतं, म्हणजे कुठे लागलंय ते दिसतं.

पकड मिळाली, पण पकडायला चांगली वस्तू नव्हती. ती रफाएल बोवेन यांनी दिली. अमेरिकन डेंटल असोसिएशनचे संशोधक म्हणून ते तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेत काम करायचे. त्यांनी एक नवी राळ बनवली आणि तिच्यात काचेसारखी बारीक भुकटी मिसळली, तीही अशी लेप देऊन की भुकटी आणि राळ एकमेकांना सोडणार नाहीत. १९६२ सालचं पेटंट आहे. याच मिश्रणाला पुढे कंपोझिट म्हणू लागले. ते ॲक्रिलिकपेक्षा कमी आकसतं, झिजतं कमी, आणि दाताच्या वेगवेगळ्या छटांमध्ये मिळतं.

तिसरी गोष्ट उजेडाची. आधी दोन मलमं एकत्र घोटायची आणि ती आळायच्या आत घाई करायची, असं चाले. सत्तरच्या दशकात अतिनील किरणांचे दिवे आले, आणि दशकाच्या शेवटाकडे निळ्या उजेडाचे. निळा उजेड शोषून घेऊन राळ आळवायला सुरुवात करणारं पिवळसर द्रव्य म्हणजे कॅम्फरक्विनोन. नावातच कॅम्फर आहे, कापूर. ते कापरापासूनच करतात. देवापुढे जळणाऱ्या वस्तूचा भाऊबंद आपल्या दातात उजेड खाऊन काम करतो, हे मला वाचल्यापासून विसरता येत नाही. कवचाच्या आतला भाग ओलसर असतो, तिथे चिकटवणं जास्त अवघड. ते कोडं जपानी लोकांनी सोडवलं. ताकाओ फुसायामांनी तिथेही आम्ल वापरून दाखवलं, आणि १९८२ साली नोबुओ नाकाबायाशींनी तिथे राळ आणि दात मिसळून एक संकरित थर तयार होतो हे दाखवून दिलं.

हे सगळं वऱ्हाडात आलं ते हळूहळू, नागपूर-मुंबईहून शिकून आलेल्या डॉक्टरांच्या बॅगांतून. पुढे अमरावतीतच विदर्भ यूथ वेल्फेअर सोसायटीचं दंत महाविद्यालय तपोवन-वडाळी रस्त्यावर उभं राहिलं. जवळच दाजीसाहेब पटवर्धनांचं तपोवन, कुष्ठरोग्यांसाठी वसवलेलं. ज्यांना चेहऱ्यामुळे लोकांनी दूर सारलं, त्यांच्या वस्तीच्या वाटेवर ओठांआडचं हसू दुरुस्त करणारं कॉलेज. जागा कुणी तसा विचार करून निवडली नसेल, तरी मला तिकडून जाताना आठवतं.

आपल्या भागात या कामाच्या अडचणीही आपल्याच. पहिली ऊन. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५च्या वर सहज जातो. कंपोझिटची नळी फ्रिजबाहेर राहिली तर माल इतका सैल होतो की दाताला आकार देता देता ओघळतो. दुसरी वीज. २००५नंतरची ती भारनियमनाची वर्षं आठवतात का? दिवा अर्ध्यात गेला, इन्व्हर्टर बसलेला आणि पेशंट तोंड उघडं ठेवून बसलाय! बॅटरीवर चालणारे एलईडी दिवे आले आणि लहान गावांतल्या डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. मला वाटतं, तालुक्याच्या ठिकाणी हे काम रुजण्यात या एका साध्या वस्तूचा वाटा मोठा आहे. तिसरी अडचण खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला. महाराष्ट्रात २०१२ साली गुटखाबंदी आली, खर्रा काही सुटला नाही. सुपारीने दात झिजतात, बॉन्डिंगच्या कडा पिवळ्या-तपकिरी पडतात, आणि तोंडच जेमतेम दोन बोटं उघडत असेल तर डॉक्टर आत हात घालणार कसा? असं तोंड आखडणं हा कॅन्सरच्या वाटेवरचा आजार असू शकतो. तिथे दाताचा रंग फार नंतरचा प्रश्न.

पाण्याबद्दल एक गैरसमज दूर करतो. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलाय. तिथली माणसं दातांच्या डागांचं खापर खाऱ्या पाण्यावर फोडतात. मिठाने दातावर डाग पडत नाहीत. डाग पडतात फ्लोराईडने, आणि तेही दात हाडाच्या आत घडत असताना, म्हणजे बालपणी. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडच्या गावांत खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे असलेले दात पुष्कळ दिसतात. पाणी चवीला गोड असतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. तुमच्या विहिरीचं पाणी खारट आहे की गोड, यावरून फ्लोराईड कळत नाही, ते तपासावंच लागतं. अशा दातांवर बॉन्डिंग करता येतं, पण फ्लोराईडने कवचाचा वरचा थर आम्लाला दाद देत नाही. मग आम्ल जास्त वेळ ठेवावं लागतं किंवा वरचा पातळ थर आधी घासून काढावा लागतो. हे माहीत नसलेल्या हाताने केलेलं काम सहा महिन्यांत निघून येतं, आणि लोक म्हणतात, लाईटचं सिमेंट खोटं.

आता विकोचा खटला. अबकारी खात्याचं म्हणणं, वज्रदंती आणि हळदीची क्रीम ही सौंदर्यप्रसाधनं, म्हणून कर जास्त. कंपनीचं म्हणणं, ही आयुर्वेदिक औषधं. हा वाद वर्षानुवर्षं चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि औषध हाच निकाल राहिला. मला हा खटला आवडतो, कारण बॉन्डिंगपुढेही हाच प्रश्न उभा आहे आणि तो कुठल्या कोर्टात गेलेला नाही. दात दुखत नाही, पोरगी जेवते-खाते, मग कोपरा जोडणं ही हौस की उपचार? आपल्याकडे हौसच धरतात. दुखलं की दवाखाना, दिसलं की नशीब. आत्याने पदर तोंडावर धरून साठ वर्षं काढली, शाळेत मोठ्याने कविता म्हणणं सोडलं, पुढे तर शाळाच सोडली. दात हे एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही. पण याला नुसती हौस म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

फार मोठं बोलायला नको, कामाचं सांगतो. अमरावती ही व्यायामाची नगरी. १९१४पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. कबड्डी, कुस्ती, मल्लखांब खेळणाऱ्या पोरांचे समोरचे दात तुटायचेच. तुटला तर आधी मातीत तो तुकडा शोधा. सापडला की दुधात टाका, दूध नसेल तर स्वच्छ पाण्यात, आणि त्याच दिवशी दातांच्या डॉक्टरकडे जा. तुकडा नीट बसत असेल तर तोच परत चिकटवता येतो, रंग जुळवायची भानगड नाही. मधे गुलाबी किंवा लाल ठिपका दिसत असेल तर दाताची नस उघडी पडली आहे, तिथे उशीर नको. बॉन्डिंग जन्माचं नसतं, साधारण पाच ते दहा वर्षं धरून चाला. त्याने ऊस सोलू नका, नखं कुरतडू नका. निघालं तर परत करता येतं.

मागच्या वर्षी आत्याची नात सायकलवरून पडली. समोरचाच दात, जवळजवळ तसाच तिरका. या वेळी तुकडा अंगणात सापडला आणि दुधाच्या वाटीतून अकोल्याला गेला. संध्याकाळी पोरगी घरी आली तेव्हा आत्याने तिला ओट्यावर बसवलं, चष्मा लावला, मोबाईलचा टॉर्च तिच्या तोंडात मारला.

"कोनता होता व?"

नातीने बोट दाखवलं. आत्याने ओठ वर करून पाहिलं, मग शेजारचा दात पाहिला, मग परत पहिला.

"किती घेतले?"

"दीड हजार, आजी."

"दीड हजारात तं तवा म्हैस येत होती," आत्या म्हणाली, आणि टॉर्च बंद न करताच पुन्हा तिच्या तोंडात डोकावून पाहायला लागली.